मोटारीची बिनतारी दोरी

कल्याण-शीळ मार्गानें जाणाऱ्या जुन्या रहिवाशाला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्याची आठवण अजून आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या या कंपनीचें मूळ ठाणें कुर्ल्यास होतें. तेथून बाहेर पडलेली पद्मिनी ही मोटार टॅक्सीच्या रूपानें मुंबईकरांच्या घरोघरीं ठाऊक झाली. कल्याणच्या कारखान्याचा मान निराळा. १९९४ सालीं प्रीमियरनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागीदारी केली आणि ‘प्यूजो ३०९’ ही मोटार येथें जुळूं लागली. त्या वेळच्या पांढरपेशा कुटुंबांना या परदेशी मोटारीची मोठी अपूर्वाई वाटली. परंतु भागीदारांतील बेबनाव आणि कामगारांचे तंटे यांमुळें हा संसार फार दिवस टिकला नाहीं. १९९७ सालीं फ्रेंच कंपनी अंग काढून निघून गेली.

कंपनी गेली, म्हणून मोटार थांबली काय? नाहीं. सुट्या भागांसाठीं मालकांची वणवण झाली, विकावयास काढल्यास मोल येईना, हें खरें. पण हाताशीं कसबी मिस्त्री असला आणि टाकींत तेल असलें, कीं किल्ली फिरवितांच एंजिन सुरू होई. पद्मिनीचेंहि तसेंच. तिचें उत्पादन बंद पडून वीसएक वर्षें लोटलीं, तरी तिच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धांवत होत्या. आणि थांबल्या त्या यंत्र थकलें म्हणून नव्हे, तर टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून. या दोन्ही मोटारींच्या बाबतींत किल्ली आणि एंजिन यांच्यामध्यें तिसरें कोणी नव्हतें. आज ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील इमारतींखालीं जी नवी मोटार उभी राहते, तिच्यांत हा तिसरा येऊन बसलेला आहे. तो दिसत नाहीं, बोलत नाहीं, आणि बहुधा या गांवांत राहतहि नाहीं.

भारतांत अशा ‘जोडलेल्या’ मोटारींचा खरा प्रारंभ २०१९ सालीं झाला. त्या वर्षाच्या मे महिन्यांत ह्युंदाईची व्हेन्यू आली आणि जून महिन्यांत एम. जी. ची हेक्टर, या दुसरीनें तर ‘इंटरनेट इनसाइड’ हीं अक्षरें अंगावरच मिरविलीं. पाठोपाठ किया, टाटा, महिंद्र यांच्याहि मोटारी त्याच वाटेनें आल्या. मोटारीच्या आंत कारखान्यांतच एक सिम बसवून दिलेलें असतें. तें काढतां येत नाहीं, बदलतां येत नाहीं, आणि पुष्कळ मालकांना तें आहे हेंहि ठाऊक नसतें. या सिमच्या योगानें मोटार मोबाईलच्या टॉवरशीं बोलते आणि टॉवरच्या मार्फत कंपनीच्या सर्व्हरशीं.

एका साध्या प्रसंगाची कल्पना करावी. डोंबिवलींतील एका गृहस्थाला रात्रीं निजतांना शंका येते, कीं खालीं मोटारीला कुलूप लावलें कीं नाहीं. पूर्वीं त्याला चार जिने उतरावे लागले असते. आतां तो अंथरुणांतूनच मोबाईलवर बोट ठेवतो. त्याला वाटतें, आपली आज्ञा खिडकींतून सरळ खालीं गेली. प्रत्यक्षांत ती घराच्या इंटरनेटवरून निघून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, आणि तो सर्व्हर दुसऱ्या राज्यांत, प्रसंगीं दुसऱ्या देशांतहि असूं शकतो. तेथें या माणसाचें खातें तपासलें जातें, या खात्याला ही मोटार जोडलेली आहे ना हें पाहिलें जातें, शुल्काची मुदत भरलेली नाहीं ना हेंहि पाहिलें जातें. मग आज्ञा परत डोंबिवलीकडे वळते, जवळच्या टॉवरवर येते, तेथून खालीं उभ्या असलेल्या मोटारीला गांठते, आणि दाराचें कुलूप ‘खट्’ असा आवाज करतें. चार जिन्यांचें अंतर तोडण्यासाठीं ही आज्ञा शेंकडों कोस हिंडून आली. सारें काम कांहीं क्षणांत होतें, म्हणून या लांबच्या फेऱ्याची जाणीव राहत नाहीं. पण त्या फेऱ्यांतील एक दुवा निखळला, कीं बोट ठेवणारा तसाच बसून राहतो. २०२१ च्या नोव्हेंबरांत टेस्ला कंपनीचे सर्व्हर कांहीं काळ बंद पडले, तेव्हां अमेरिकेपासून युरोपपर्यंत अनेक मालकांना आपल्याच मोटारीचें दार मोबाईलनें उघडतां येईना. ज्यांनीं सोबत किल्लीचें कार्ड ठेवलें होतें ते सुटले.

मोटारीच्या पोटांतील व्यवस्थाहि समजून घेण्यासारखी आहे. एंजिन, ब्रेक, सुकाणू, दिवे, वातानुकूलन या प्रत्येकास स्वतंत्र छोटा संगणक असतो. एकेका मोटारींत असे कित्येक. पूर्वीं प्रत्येक यंत्रापासून प्रत्येक यंत्रापर्यंत वेगळी तार ओढावी लागे आणि तारांचें जंजाळ होई. जर्मनीच्या बॉश कंपनीनें यावर तोड काढली आणि १९८६ सालीं डेट्रॉइट येथें ती जगापुढें मांडली. तिचें नांव ‘कॅन’. डोंबिवलीच्या जुन्या चाळींत राहिलेल्यास ही युक्ति लगेच समजेल. चाळीच्या सामाईक गॅलरींत उभें राहून कोणी हांक मारली, कीं ती सगळ्या बिऱ्हाडांना ऐकूं जाते. ज्याचें काम असेल तो उत्तर देतो, बाकीचे आपापल्या कामांत राहतात. कॅनवर असेंच चालतें. ब्रेकचा संगणक पुकारतो, ‘चाकाची गति इतकी’. ज्यांना हवें ते ऐकतात. युक्ति स्वस्त, सुटसुटीत आणि भरंवशाची. मात्र हांक कोणी मारली हें विचारण्याची सोय तींत नाहीं. १९८६ सालीं तिची गरजहि नव्हती, कारण चाळींत परका माणूस शिरणारच नव्हता. मोटारीला बाहेरचें दारच नव्हतें. पुढें त्याच चाळीला इंटरनेटचें दार बसविण्यांत आलें. गॅलरींतील रीत मात्र पुष्कळ काळ तीच राहिली.

याचा परिणाम २०१५ च्या जुलैंत साऱ्या जगानें पाहिला. चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या दोन अमेरिकन संशोधकांनीं घरीं बसून, सेंट लुइस शहराजवळच्या महामार्गावर धांवणाऱ्या एका जीप चेरोकी मोटारीचा ताबा घेतला. मोटारींत बसलेल्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती. तरीहि वायपर आपोआप चालूं लागले, गाणें मोठ्यानें वाजूं लागलें आणि शेवटीं वेगवर्धकावर पाय दाबूनहि मोटार वेग घेईना, तेव्हां त्याची भीतीनें गाळण उडाली. संशोधक शिरले होते ते मोबाईलच्या जाळ्यांतून, करमणुकीच्या पडद्यावाटे. कंपनीला १४ लाख मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर उत्पादकांनीं आंतल्या वाटांवर पहारे बसविले. आजच्या मोटारींत पडदा आणि ब्रेक यांच्यामध्यें बहुधा एक द्वारपाल असतो. पण चोर समोरच्या दारानेंच येतो असें थोडेंच आहे? २०२४ सालीं दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं कियाच्या अमेरिकेंतील मोटारींचें दार केवळ नंबरप्लेट वाचून उघडतां येतें. त्यांनीं मोटारीला हातहि लावला नव्हता. विक्रेत्यांसाठीं असलेल्या संकेतस्थळांतील एक फट त्यांना सांपडली होती. कंपनीनें ती बुजविली, मगच ती हकीकत प्रसिद्ध झाली. कुलूप दाराचें आणि फट कचेरींतील वहींत, हा प्रकार जुन्या मिस्त्रीच्या स्वप्नांतहि आला नसता.

हे प्रसंग दूरचे आहेत. ठाण्या-कल्याणकडच्या कुटुंबाला रोजचा त्रास होतो तो निराळा, आणि तो येथल्या भूगोलांतून उपजतो.

घोडबंदर मार्गावर जे उंच मनोरे उभे राहिले, त्यांतील पुष्कळांच्या मोटारी तळघरांत राहतात. जमिनीखालीं दोन मजले, वर सिमेंट-लोखंडाचे जाड थर. तेथें टॉवरचा संदेश पोंचेल तर नवल. मालकाला मोबाईलवर दिसतें, कीं मोटार काल सायंकाळीं सात वाजतां जेथें होती तेथेंच आहे, म्हणजे तळघराच्या तोंडाशीं. त्यानंतरचें कांहींच कळत नाहीं. चोर-सूचनेची जी सोय विक्रेत्यानें मोठ्या कौतुकानें सांगितली, ती नेमकी मोटार जेथें बारा तास उभी असते तेथेंच बहिरी होते. कांहीं सोसायट्यांनीं तळघरांत संदेश पोंचविण्याचीं उपकरणें बसवून घेतलीं आहेत. इतरांनीं वर्गणीवरून वाद घातला आहे.

रस्त्याची दिशा दाखविणारा नकाशा तर याहूनहि नाजूक धाग्यावर टांगलेला आहे. मोटार कोठें आहे हें सांगणारे जी. पी. एस. चे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि त्यांचा संदेश जमिनीपर्यंत येतांना अतिशय क्षीण झालेला असतो. उंच इमारतींच्या भिंतींवर तो आपटून परततो, मग मोटारीचा संगणक ती प्रतिध्वनीच खरी हांक समजतो आणि मोटारीला शेजारच्या गल्लींत नेऊन ठेवतो. माजिवड्याजवळ उड्डाणपूल आणि त्याच्या पोटाखालचा रस्ता एकाच रेघेंत जातात. नकाशावर त्या दोन रेघा जवळजवळ एकच. आपण पुलावर आहों कीं पुलाखालीं, हें ठरवितांना यंत्र हटकून घोटाळतें. त्यांत मेट्रोचे खांब आणि वरचा मार्ग यांची भर. येथला रिक्षावाला मान वर करून पाहतो आणि समजतो. यंत्राला मान नाहीं.

शिवाय रस्ताच बदलतो. कल्याणचा पत्री पूल २०१८ सालीं पाडला गेला आणि नवा पूल २०२१ च्या जानेवारींत खुला झाला. दोन वर्षांहून अधिक काळ कल्याणकरांनीं काय कोंडी सोसली तें त्यांनाच ठाऊक. मोबाईलवरचा नकाशा अशा वेळीं लोकांच्या ये-जा वरून आपली चूक लवकर सुधारतो. परंतु ज्या मोटारींत नकाशा आंतच साठविलेला असतो आणि नूतनीकरणाचें शुल्क भरावयाचें राहून गेलेलें असतें, ती पाडलेल्या पुलाकडेहि निःशंकपणें बोट दाखवीत राहते.

या निःशंकपणाचें एक उदाहरण ठाणें जिल्ह्यांतच घडलें. २०२५ च्या २५ जुलै रोजीं मध्यरात्रीनंतर एक महिला उलव्याकडे जाण्यासाठीं बेलापूर येथें आली. जावयाचें होतें खाडीपुलावरून. मोबाईलवरील नकाशाचा रस्ता धरून ती पुलाखालून ध्रुवतारा जेट्टीकडे गेली आणि मोटार सरळ खाडीच्या पाण्यांत पडली. तेथें पहाऱ्यावर असलेल्या सागरी सुरक्षा पोलिसांनीं धांवून तिला वांचविलें. वृत्तपत्रांतून ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हां पुष्कळांनीं त्या बाईंना हंसून घेतलें. हंसणें सोपें आहे. रात्रीचा अंधार, पाऊसकाळ, अनोळखी वळण आणि कानाशीं ठामपणें सांगणारा आवाज; त्या आवाजांत ‘बहुधा’ हा शब्द कधींच नसतो. माणूस वाट सांगतांना अडखळतो, त्यावरून ऐकणाऱ्याला सावध व्हावें हें कळतें. यंत्र खरें आणि खोटें एकाच सुरांत सांगतें. नकाशा चालविणाऱ्यांनीं पूल आणि पुलाखालची वाट यांत शंका असेल तेथें तसें बोलून दाखविण्याची सोय केली, तर त्यांचें कांहींच कमी होणार नाहीं.

मोटार ऐकते तशी ती बोलतेहि. आणि काय बोलते, हा प्रश्न कुटुंबांच्या दृष्टीनें सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मोटार कोठें गेली, किती वाजतां, किती वेगानें, ब्रेक किती जोरानें दाबला, हें सारें ती कंपनीला कळवूं शकते. ठाण्याहून कोण रोज कोणत्या दवाखान्यांत जातें, कोणत्या घरापुढें थांबतें, हें शेजाऱ्याला सांगावयास कोणी तयार होणार नाहीं. पण मोटार विकत घेतांना एका लांबलचक करारपत्राखालीं ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवून तीच गोष्ट अपरिचितांना सांगितली जाते. मोझिला या संस्थेनें २०२३ सालीं २५ मोटार-कंपन्यांचीं धोरणें तपासलीं आणि खाजगीपणाच्या कसोटीस एकहि उतरली नाहीं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०२५ च्या जानेवारींत जनरल मोटर्सवर ठपका ठेवला, तो चालकांची पुरेशी संमति न घेतां त्यांच्या ये-जा ची आणि चालविण्याच्या पद्धतीची माहिती विकल्याचा. ती माहिती विमा-व्यवसायापर्यंत पोंचली होती. भारतांत व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला आहे. त्याचा हात मोटारीच्या पडद्यापर्यंत कितपत पोंचतो, हें ग्राहक किती प्रश्न विचारतात यावर बरेंच अवलंबून राहील.

इतकें ऐकून, ही नवी मोटार म्हणजे निव्वळ फसगत आहे, असा कोणी ग्रह करून घेतल्यास तोहि अन्याय होईल. अपघात होतांच मोटार स्वतः मदतीला हांक मारते, ही सोय युरोपांत २०१८ च्या मार्चअखेरीपासून नव्या प्रकारच्या मोटारींना सक्तीची झाली. भारतांत प्रवासी बसगाड्या आणि टॅक्सी यांना मागोवा घेणारें यंत्र व संकटसूचक बटन २०१९ पासून नव्या नोंदणीच्या वेळीं आवश्यक झालें. कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटांत धुक्याच्या दिवशीं जाणाऱ्या कुटुंबाला अशा बटनाचा आधार वाटावा हें स्वाभाविक आहे. मात्र घाटांतील वळणांवर डोंगर आडवे आले, कीं टॉवर दिसेनासा होतो, आणि मदतीची गरज बहुधा तेथेंच असते, ही गोष्ट निघण्यापूर्वीं माहीत असलेली बरी. दूरस्थ सुधारणेचेंहि असेंच. सॉफ्टवेअरमधील दोष हवेंतून दुरुस्त होतो, कारखान्यांत खेपा घालाव्या लागत नाहींत, हें मोठेंच सुख. पण २०२३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या रिव्हियन कंपनीनें पाठविलेल्या सुधारणेंत चुकीचें सुरक्षा-प्रमाणपत्र गेलें आणि कांहीं मालकांच्या मोटारींचे पडदे एका रात्रींत काळे झाले. मोटार चालत होती, वेग दाखविणारें कांहीं नव्हतें. मिस्त्री एका वेळीं एक मोटार बिघडवूं शकतो. ही नवी दुरुस्ती एकदम हजारों बिघडवूं शकते.

आतां कल्याणच्या प्यूजोकडे पुन्हां वळावें. ती फ्रेंच कंपनी आज निघून गेली असती, तर काय झालें असतें? याचें उत्तर इतरत्र मिळालेलें आहे. निस्सानच्या लीफ या विजेच्या मोटारी दशकभर जुन्या झाल्या आणि ब्रिटनमधील जुन्या २जी जाळ्याचा अस्त जवळ आला, तेव्हां १ एप्रिल २०२४ पासून त्या देशांतील जुन्या लीफच्या मालकांची मोबाईलवरील सारी सोय बंद झाली. मोटार ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. जें जाळें ती ऐकत असे तेंच विझावयास निघालें. भारतांतहि मोबाईल कंपन्यांनीं ३जी जाळीं गुंडाळलीं आहेत, आणि ४जी चें आयुष्य अमर नाहीं. मोबाईल चार वर्षांनीं बदलला जातो. मोटार मात्र मध्यमवर्गीय घरांत दहा-पंधरा वर्षें राहते, मुलाच्या शाळेपासून त्याच्या नोकरीपर्यंत. त्याहून वाईट गत फिस्कर कंपनीच्या ओशन मोटारींची झाली. २०२४ च्या जूनमध्यें कंपनीनें दिवाळें काढलें. सर्व्हर कोण चालविणार, सुधारणा कोण पाठविणार, असा प्रश्न पडला, तेव्हां मालकांनीं स्वतःचा संघ काढून मोटारी जिवंत ठेवण्याची खटपट आरंभिली. प्यूजोच्या मालकाला सुटा भाग शोधावा लागला. या मालकांना मेलेल्या कंपनीची वही शोधावी लागली.

यांत महाराष्ट्राचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नाहीं. मोटारींचें सॉफ्टवेअर लिहिणारी के. पी. आय. टी. ही कंपनी पुण्याची. मोटारी तपासून प्रमाणपत्र देणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून पुण्यांतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-मंचानें मोटारीच्या सायबर-सुरक्षेचे आणि सॉफ्टवेअर-सुधारणेचे नियम २०२० सालीं मान्य केले. युरोपांत २०२४ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीला ते लागू झाले. भारतानेंहि त्याच धर्तीवर ए. आय. एस. १८९ आणि १९० हीं मानकें योजिलीं आहेत. चोर आंत शिरूं नये याची काळजी या नियमांत आहे. उत्पादकानें दुकान मिटल्यावर मालकाचें काय, याची काळजी त्यांत फारशी नाहीं; आणि घराच्या जमाखर्चाच्या दृष्टीनें हाच प्रश्न मोठा आहे. मोटार घेतांना विक्रेता रंग, आसनें, पडद्याची लांबी यांविषयीं अर्धा तास बोलतो. जोडणी किती वर्षें विनामूल्य, पुढें दर किती, जोडणी बंद ठेवली तर मोटारींतील कोणती सोय उरते, सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें मिळतील, साधी धातूची किल्ली सोबत मिळते कीं नाहीं, हें विचारलें, तर तो बहुधा आंतल्या साहेबांना बोलावतो. साहेबांना बोलवावें. उत्तर तोंडी न घेतां कागदावर घ्यावें.

सर्वांत अधिक सावधगिरी लागते ती जुनी मोटार घेतांना, आणि या भागांत जुन्या मोटारींचा व्यवहार मोठा आहे. कल्याणच्या परिवहन कार्यालयांत अर्ज दिला, शुल्क भरलें, कीं एम. एच. ०५ क्रमांकाची मोटार कागदोपत्रीं नव्या मालकाच्या नांवावर होते. विम्याचेंहि नांव बदलतें. परंतु कंपनीच्या सर्व्हरमधील वही परिवहन कार्यालयाला दिसत नाहीं. तींत जुन्याच मालकाचें नांव राहिलें, तर त्याच्या मोबाईलवर मोटार अजून त्याचीच असते: ती कोठें उभी आहे हें त्याला दिसतें, आणि मनांत आणल्यास दार उघडतांहि येतें. त्याच्या मनांत कांहीं वाईट नसेलहि. कित्येकदां तो तें पुसावयाचें विसरून गेलेला असतो. म्हणून पैसे हातीं देण्यापूर्वीं विकणाऱ्याला आपल्या समोर मोबाईल उघडावयास सांगून मोटार त्याच्या खात्यांतून काढून घ्यावी, पडद्यावरील जुने दूरध्वनि-क्रमांक आणि घराचे पत्ते पुसून टाकावे, आणि कंपनीच्या सेवाकेंद्रांत जाऊन जोडणी नव्या नांवावर करून घ्यावी. दोन किल्ल्या मोजून घेण्याची जुनी रीत आहे. तिसरी किल्ली विकणाऱ्याच्या खिशांतील मोबाईलमध्यें असते.